बाबांच्या डोक्याला लावलेला हात

तीर्थस्वरूप लेसिएली आत्यांस,

आपल्या भावाची मुलगी लोसालिने हिचा, जमिनीवर बसून, मान आपल्या पायांपेक्षा खाली ठेवून नमस्कार. (ऑकलंडहून दिसत नसलं, तरी चटईवर बसून, वाकूनच लिहिते आहे.) आपला गुडघा कसा आहे? तिकडच्या थंडीत तो नेमका प्रवचनाच्या वेळी ठणकतो असं आपण कळवलं होतंत. आईनं त्यासाठी खोबरेल भरून ठेवलं आहे. इकडे बेटावर आम्ही सगळे खुशाल. बाबाही खुशाल आहेत, फक्त टोपी काढत नाहीत.

आपण फोनवर विचारलंत, हे डॉक्टरकीचं खूळ पोरीच्या डोक्यात कुणी घातलं? बाबांनी नर्सबाई कालोलाइने यांचं नाव सांगितलं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही (बाप आहेत), पण माझ्या डोक्यात काही शिरण्याआधी बाबांच्या डोक्याला खोक पडली होती, तेवढं सांगायचं त्यांच्याकडून राहिलं.

झालं असं. रविवारची सकाळ. आई चर्चला पुढे गेली होती, कारण गायनमंडळात तिच्यावाचून वरचा सूर लागत नाही अशी तिची समजूत आहे. उमूच्या, आपल्या जमिनीतल्या भट्टीच्या, खड्ड्यात मांस आणि कंद लावून झाले, वर पानं आणि माती पडायची बाकी होती, आणि बाबांना वाटलं, एक नीरफणस हवाच. रविवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, झाडावरून काही पाडणं म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यातून बाबा प्रवचनाला उभे राहणारे गृहस्थ. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आकडीचा बांबू उचलला, आणि "पडायला आलाच आहे, मी नुसतं विचारून बघतो" असं म्हणून ओढला. नीरफणस जागचा हलला नाही. आकडी निसटली आणि तिचं लोखंड बाबांच्या टाळूवर आलं.

रक्ताची धार पाहून मी त्यांच्याकडे धावले. बाबा माझ्यापासून लांब धावले. लेकरानं बापाच्या डोक्याला शिवायचं नाही, हे आपणच मला बोटांवर रट्टा देऊन शिकवलं होतंत (मी फार लहान होते आणि त्यांच्या केसांत मुंगळा होता). तर आम्ही दोघं नीरफणसाभोवती फेऱ्या घालतोय, ते पुढे, मी मागे, आणि पांढरा सदरा खांद्यापासून लाल होत चाललाय.

"लांब हो! आईला बोलाव!"

"आई गातेय, बाबा! तोफ डागली तरी ऐकायची नाही."

"मग आत्याला फोन लाव. ती हो म्हणाली तर बघू."

लावला. वाजत राहिला. आपणही चर्चमध्ये होतात. मग नर्सबाईंना लावला, तर त्या शेजारच्या बेटावर मयताला गेलेल्या. म्हणाल्या, "फडक्याची घडी कर आणि जखमेवर दाबून धर. उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्याच्यावरच दुसरं. मी होडी बघते."

मी बाबांना म्हटलं, "मी फडक्याला हात लावते. फडकं तुमच्या डोक्याला लागतं. त्याला मी काय करू?" प्रवचनकार असल्यामुळे त्यांना मुद्दा पटला असावा, किंवा त्यांचे पाय गेले असावेत. ते पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

पहिलं फडकं भिजलं. दुसरं भिजलं. बाबांचे ओठ राखेसारखे झाले. "लोसा, ढग आलेत का गं?" त्यांनी विचारलं. ऊन कडक होतं. आत्या, तेव्हा मी खरी घाबरले. फडक्याची सबब विसरले, एका हातानं मान सावरली आणि दुसरा तळवा सगळा जोर लावून दाबला. बाबांच्या डोक्याला मागे एक लहानसा खळगा आहे. मला आजवर माहीत नव्हतं. चर्चकडून आईचा वरचा सूर येत होता (लागत नव्हता). नर्सबाई फोनमधून ओरडत होत्या, "सोडू नकोस! तुझ्या बापाला, सियोसाइआला, बोलतं ठेव!" आणि तेवढ्यात बॅटरी संपली. मी एकटीच बडबडत राहिले. बाबा उत्तरं द्यायचे थांबले. माझे हात भरून आले, आणि काढले तर बाबा जातील एवढंच कळत होतं.

मग केव्हातरी तळव्याखालचं ते गरम वाहणं मंदावलं. थांबलं. दिसलं काहीच नाही, हाताला कळलं. मी रडत रडत ओरडले, "बाबा, नीरफणस कोण पाडत होतं?"

"आपोआप पडत होता," बाबा पुटपुटले. म्हणजे शुद्ध आली.

नर्सबाई आल्या (रविवारी होडी काढायची म्हणून होडीवाला आधी पाद्रीबुवांना विचारायला गेला होता), त्यांनी टाके घातले, मी डोकं धरलं. जाताना म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा, वाया घालवू नकोस." नर्सबाईंचा गुन्हा एवढाच. खूळ शिरलं ते त्याआधी, हातातून. बाबांचं म्हणणं, मी शाळेत बाई व्हावं; खडूला हात लावावा, लोकांच्या बापांच्या डोक्यांना नको.

गुडघ्याला जपा. सर्वांना नमस्कार.

आपली आज्ञाधारक भाची,
लोसालिने

ता. क. : रीतीप्रमाणे आपण भावाच्या घरातलं हवं ते मागू शकता आणि बाबांना नाही म्हणता येत नाही. मागच्या नाताळात आपण बारीक विणीची चटई आणि शिवणयंत्र नेलंत. आम्ही हसतमुखानं बांधून दिलं (आई आत जाऊन रडली). या खेपेला मला मागा. आणि नेऊन फिजीला, सुवात, डॉक्टरकी शिकायला ठेवा. अर्ज भरून तयार आहे, अडलंय ते बाबांच्या होकारावर.

ता. क. दुसरा : आज टाके काढायचे आहेत आणि नर्सबाई पुन्हा मयताला गेल्या आहेत (त्या बेटावर माणसं फार मरतात). बाबा आत्ता इथे आले, माझ्यासमोर चटईवर बसले, टोपी काढली आणि मान खाली घातली, माझ्याहून खाली. मग चटईलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "आत्याला लिहितेयस ना? लिही, लवकर माग म्हणावं. तिनं मागितल्यावर मला नाही म्हणता यायचं नाही." शिवाय नीरफणस आपोआप पडत होता, हेही लिहायला सांगितलंय.

टाके काढायची कात्री मी उकळत ठेवली आहे, तोवर पत्र पुरं करते आहे. बाबा तसेच बसले आहेत, मान खाली घालून.