काकूचं लाटणं

नांदुरा, मंगळवार संध्याकाळ

गाताना माझा आवाज छान लागतो, पण बोलताना इतका बारीक की कंडक्टर दोनदा विचारतो, कुठं जायचं. म्हणून उद्याच्या रेकॉर्डिंगमधल्या भांडणाच्या रॅपची धास्ती. माझ्या तोंडून तो राग खरा वाटेल?

आज घरात कुणी नव्हतं. पूर्ण दम लावून म्हटला. तर शेजारची काकू पीठ लागलेलं लाटणं घेऊन धावत आली. "कोण भांडून राह्यलं वं तुह्यासंगं? नाव सांग फक्त!"

गाणं आहे म्हटलं, तरी तिनं पलंगाखाली वाकून पाहिलंच! मग लाटणं मांडीवर ठेवून बसली. "बरं, मंग भांड अजून. मी बसली इथंच."

लाटण्याकडे बघत पुन्हा म्हटला. काय आवाज सुटला!

उद्या स्टुडिओत काकू नसेल. लाटणं मात्र मागून घेतलंय. तिच्याकडे उद्या पोळीऐवजी भाकरी.