आकड्याला टांगलेला मग

बाबा, तुमचा तो झाकणाचा, कथलाचा बिअरचा मग तुमच्या पश्चात, गेल्या दिवाळीत पुण्याहून इकडे आणला. आईने आयुष्यभर त्यात पळ्या-उलथनी ठेवली. चिंचेने घासल्यावर बुडाशी कोरलेलं गास्टहाउसचं, म्हणजे तिथल्या खानावळीचं, आणि गावाचं नाव वर आलं. पुढच्या बाजूला लेथ मशीनचं चित्र आणि कुणा जर्मनाचं नाव आधीपासून दिसत होतंच. त्यावरून मी तुम्हाला किती छळायचो! "जर्मनीला ट्रेनिंगला गेलात आणि दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं आणलंत? जुन्या बाजारातलं ना?" तुम्ही नुसते हसायचात. संस्कृतात पहिल्या आलेल्या मुलाशी वाद घालू नये, हे तुम्हाला कळलेलं होतं.

ते गाव जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या माझ्या घरापासून एस-बान लोकलने तीन स्टेशनांवर निघालं. मी इथे अकरा वर्षं राहतोय.

शनिवारी मग घेऊन तिथे गेलो. मालकीणबाई सत्तरीच्या. मगावरचं नाव वाचून म्हणाल्या, "अरे वा! आणलात एकदाचा. हे नाव माझ्या वडिलांचं." रोजच्या गिऱ्हाइकांचे मग टांगलेले होते, त्यांतला एक त्यांनी आकड्यावरून उतरवला. त्यावर देवनागरीत तुमचं नाव, तुमच्याच वळणाचं.

"तुमचे वडील आणि माझे, दोघं दिवसा एका लेथवर, संध्याकाळी इथे. निघताना मगांची अदलाबदल केली. तुमचे वडील परत आले की आपापला घ्यायचा, असं ठरलं होतं. वडील दर नाताळात हा पुसायचे. जाईपर्यंत."

आणि मला आपलं पुण्याचं, काही वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर दिसतं. माझी सुट्टी संपत आलीय, तुम्ही चहा गाळताय. "एकदा तिकडे यावं म्हणतो रे."

"अहो बाबा, थंडी किती तिकडे! व्हिसा, विमा... आणि दिवसभर करणार काय?" पूर्वपक्षही मीच, उत्तरपक्षही मीच. मित्राचं तुम्ही काही बोलला नाहीत; मीही कशाला यायचंय म्हणून विचारलं नाही. "तेही खरंच," म्हणालात आणि गाळणं धुऊन ठेवलंत. पुन्हा विषय काढला नाहीत.

अदलाबदल पुरी करायला बाई तुमचा मग माझ्या हातात देऊ लागल्या. देता देता थांबल्या. "पण ते स्वतः का नाही आले कधी?"

मी म्हणालो, हृदयाचं दुखणं होतं, प्रवास झेपण्यातला नव्हता. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाबा, यावं म्हणालात तेव्हा तुम्ही रोज सकाळी पर्वती चढत होतात.