तापी-११ चं वजन का वाढतं

रविवार, ५ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.१०
आजपासून संघाच्या कामाची माझी स्वतंत्र नोंद. इतिवृत्त सगळ्यांसाठी असतं, ही वही माझ्यापुरती.
प्रथम वस्तुस्थिती. चार वर्षांपूर्वी मी अकरा फुटी, दोन माणसांच्या, एका शिडाच्या प्लायवूड नावेचं ड्रॉइंग केलं. भुसावळचे नूर महंमद चाचा, जे एरवी कपाटं आणि दिवाण करतात, त्यांनी त्यावरून दहा नावा बांधल्या. सहा जळगावच्या, चार धुळ्याच्या. दहाही सारख्या, आणि सारख्याच राहाव्यात म्हणून तापी-११ नौकामालक संघ. सचिव मी, मोजमाप अधिकारीही मी. दुसरं कुणी ही कामं नीट करेल असं वाटत नाही.
आम्ही नावा चालवतो ते धरण यंदा काठोकाठ आहे. वार्षिक स्पर्धा १४ डिसेंबरला.
ठराव: स्पर्धेपर्यंत एकही नाव नियमाबाहेर राहणार नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर
असोद्याला नवलभाऊंच्या केळीच्या वखारीत दहाही नावांची वजनं केली. नवलभाऊ संघाचे सभासद, त्यांचा काटा ट्रॉलीचं वजन घेतो. किमान वजन ६२ किलो. मार्चमध्ये सगळ्या नावा ६३ ते ६४ होत्या. आज ६६ ते ६९. माझी, नंबर १, सत्तर.
नवलभाऊ हमालांसमोर म्हणाले, ताई, तुह्या नावेले दिवस गेले का वं. हमाल हसले. मी आकडा लिहून घेतला.
कारण: पावसाळा. प्लायवूड दमट हवा शोषतं.
नियमात कमाल वजन नाही. जड नाव हळू जाते, त्यामुळे मुद्दाम कुणी जड करणार नाही, हा विचार मी सुरुवातीलाच केला होता. दहाही प्रमाणपत्रांवर सह्या केल्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर
चाचांचा फोन. त्यांच्या मते वजन लाकडात नाही, टाक्यांत आहे.
नावेच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला हवेच्या बंद टाक्या आहेत. नाव पलटली तरी त्यांच्यामुळे तरंगते. पाय अडकवायच्या पट्ट्याचे बोल्ट टाकीच्या भिंतीतून जातात, तिथून पाणी झिरपतं, असं त्यांचं म्हणणं.
मी सांगितलं, बोल्ट ड्रॉइंगप्रमाणे आहेत.  चाचा म्हणाले, हां बेटी, ड्रॉइंगप्रमाणेच आहेत.
विषय संपला.

रविवार, २६ ऑक्टोबर
दिवाळीनंतरचा पहिला सराव. वारा मंद. सुकदेव नाना, धुळ्याचे, संघाचे अध्यक्ष, कृषी खात्यातून निवृत्त, यांची नाव कंबरभर पाण्यात पलटली. सरळ करायला प्रमाण वेळ तीन मिनिटं. त्यांना सव्वीस लागली. चार माणसं आणि एक बैलजोडीचा दोर. मागचं टोक वर यायलाच तयार नव्हतं.
नाना काठावर बसून लुंगी पिळत म्हणाले, मन्ही नाव आते नाव नही, घागर शे.
कारण: सरावाचा अभाव. नाना ६७ वर्षांचे आहेत.
ठराव: पलटलेली नाव सरळ करण्याची पद्धत, आकृत्यांसह, दोन पानांत. आजच ग्रुपवर टाकली. नऊ जणांनी पाहिली. एकानेही शंका विचारली नाही, म्हणजे समजली.

शनिवार, १ नोव्हेंबर
चाचा स्वतः भुसावळहून आले. नंबर १ अंगणात उपडी ठेवली आहे. त्यांनी मागच्या टाकीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान लावला, मला म्हणाले, सुन. मी ऐकलं. बद्द आवाज होता. पुढच्या टाकीवर मारली. तिथे जरा कमी बद्द.
त्यांना प्रत्येक टाकीला तळहाताएवढं झाकण बसवायचं आहे. उघडा, पाणी काढा, बोल्टाला आतून पाणी अडवणारा मसाला भरा, बंद करा.
नियम ७: टाकीला कोणतंही भोक, झाकण किंवा झडप नसावी. हा नियम मी विचारपूर्वक केला आहे. झाकण दिलं की लोक आत डबे, चपला, मोबाइल ठेवतात आणि झाकण लावायला विसरतात. शिवाय प्रत्येक टाकीवर माझ्या सहीचं सील आहे. सील तोडल्यास प्रमाणपत्र रद्द.
चाचांनी विचारलं, नियम कोण बदलतं. मी सांगितलं, दोन तृतीयांश सभासद, प्रत्यक्ष सभेत. त्यांनी चहा घेतला नाही.
सपना दारात उभी राहून ऐकत होती. सपना माझी धाकटी बहीण, नंबर १ वर माझ्याबरोबर पुढे तीच बसते. तिला पोहता येतं, पण विहिरीत शिकलेलं, आणि लाटेत डोकं पाण्याखाली गेलं की ती हातपाय मारायचं थांबते. तिने विचारलं, नाव पलटली तर किती वेळ तरंगेल. मी गणित करून दाखवलं. दोन्ही टाक्यांचं आकारमान वजा नावेचं वजन. गणिताप्रमाणे कायम तरंगेल.
ती म्हणाली, टाक्या रिकाम्या असतील तर ना.
टाक्या सीलबंद आहेत, मी म्हणाले.

रविवार, ९ नोव्हेंबर
दुसरं वजन. ७१ ते ७४. नंबर १: ७७.
पावसाळा संपून महिना झाला. त्यामुळे दमट हवा हे कारण मागे घेतलं आहे.
कारण: काटा. केळीच्या काट्यावर दिवसाला चाळीस ट्रॉल्या चढतात. नवलभाऊंना तसं सांगितलं. ते म्हणाले, काटा सरकारी शिक्क्याचा हाये, दोन महिने झाले तपासून. मग नंबर १ कडे पाहत म्हणाले, नववा चालू हाये वं, दाखव एखाद्या बाईले.
सह्या केल्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
धरणावर बांधून ठेवलेल्या धुळ्याच्या नावांचे फोटो नानांनी पाठवले. नावेच्या अंगावरच्या निळ्या रेषेपर्यंत पाणी यायला हवं. ते रेषेच्या वर चार सेंटिमीटर आहे. फोटोखाली नानांनी काही लिहिलं नव्हतं. नुसतेच फोटो. चार.
कारण: रेषा रंगवताना खाली गेली असावी. चौघांचीही.

रविवार, २३ नोव्हेंबर
नियम ७ बदलण्यासाठी विशेष सभा. मागणी नानांची, नोटीस माझी. जागा आमची गच्ची, वेळ सकाळी अकरा. धुळेकर हायवेवर अडकले. ११.१५ ला गणसंख्येअभावी सभा रद्द केली. नियम तसाच आहे.
धुळेकर एक वाजता पोचले. नवलभाऊंनी असोद्याहून भरीत आणि पुऱ्या आणल्या होत्या. सगळे दोन तास गच्चीवर. चाचाही होते, ते सभासद नाहीत तरी. मी कांदा घेऊन वर गेले तेव्हा बोलणं थांबलं. नाना म्हणाले, बस बाई, जेव. मी विचारलं, सभेतला विषय काढलात का. ते म्हणाले, सभा व्हयनी नही ते विषय कसाना.
बरोबर आहे. इतिवृत्तात नोंद नाही.
निघताना नाना जिन्यात थांबले. म्हणाले, तू गनित कर, आम्ही पोहतस. पन तुन्ही बहीन?
मी सांगितलं, तिच्याकडे लाइफजॅकेट आहे.

रविवार, ७ डिसेंबर. दुपारी ४
स्पर्धेआधीचं शेवटचं वजन. निकाल उत्तम.
नऊ नावा ६३ ते ६५. म्हणजे मार्चच्या वजनावर परत. ऑक्टोबरचा अंदाजच बरोबर होता: दमट हवा. थंडी पडली, लाकूड सुकलं. मागे घेतलेलं कारण पुन्हा नोंदवत आहे.
नंबर १ मात्र ८१. आमच्या अंगणात ऊन कमी येतं.
आणखी एक समाधानाची गोष्ट. गेल्या वर्षी मी संघाच्या चिन्हाचे गोल स्टिकर वाटले होते, कुणी लावले नव्हते. आज नऊही नावांवर लावलेले. सगळ्यांनी एकाच जागी, पुढच्या आणि मागच्या टाकीच्या बरोबर मध्यभागी. फूटपट्टी लावून पाहिलं, दोन मिलिमीटरचाही फरक नाही. शिस्त लागायला एक वर्ष लागतं.
सीलं स्टिकरखाली झाकली गेली आहेत. उचकटून पाहिलं असतं, पण स्टिकर फाटले असते.
परतताना चाचा म्हणाले, नंबर १ एक संध्याकाळ माझ्याकडे सोड, पॉलिश मारून देतो. मी म्हणाले, मोजमाप झालेल्या नावेला स्पर्धेपर्यंत हात लावता येत नाही. त्यांनी सपनाकडे पाहिलं. म्हणाले, मग हिला तरी माझ्याकडे सोड. सगळे हसले. चाचा हसले नाहीत.

शुक्रवार, १२ डिसेंबर
सपनाने विचारलं, चाचांना नाव का दिली नाहीस. नियम सांगितला. तिने विचारलं, रविवारी मी नाही आले तर. मी म्हणाले, नंबर १ दोन माणसांशिवाय पात्र नाही, आणि सचिवाची नावच नसेल तर संघाला अर्थ काय.
ती येते म्हणाली. म्हणजे पटलं.

शनिवार, १३ डिसेंबर. सायंकाळी ५
धरणावर जाऊन खुणेचे पिंप लावून आले. पाणी अगदी स्थिर, शिसं ओतल्यासारखं. उत्तरेकडे सातपुड्यावर धुळीची पिवळट पट्टी. हवामान अ‍ॅप म्हणतं वारा ताशी १४ किलोमीटर. काठावर शेळ्या चारणाऱ्या बेबाबाई म्हणाल्या, उद्या पाण्यात जाऊ नका, शेळ्या आज पाण्याले तोंड लावत नाहीत.
निरीक्षण नोंदवलं. शेळ्यांचा नमुना लहान आहे. अकरा.

मंगळवार, १६ डिसेंबर
नोंद उशिरा. तपशील घटनाक्रमाने.
११.०० सुरुवात. वारा १४.
११.३८ उत्तरेकडून झोत. अंदाजे ४०. चार नावा पलटल्या. नंबर ३, ५, ८ आणि १.
नंबर ३ सरळ, दोन मिनिटांत. नंबर ५, तीन मिनिटांत. नंबर ८, दोन. माझ्या पत्रकातल्या आकृतीप्रमाणे.
नंबर १ आडवी झाली, मग मागचं टोक खाली जाऊ लागलं. मी आकृतीप्रमाणे तळावर उभी राहिले. मागची टाकी उचलत नव्हती. मी पुन्हा प्रयत्न केला. सपना दिसली नाही. मी एकदा हाक मारली. मग पुन्हा नाव सरळ करण्याचा प्रयत्न केला, कारण नाव सरळ झाली असती तर तीही वर आली असती, असं मी धरून चालले होते.
तिचा पाय पट्ट्यात अडकला होता. नाव तिला घेऊन खाली जात होती.
नंबर ८ नानांची. ते नाव सोडून पाण्यात उतरले. ६७ वर्षांचे आहेत. त्यांनी खाली जाऊन पट्टा कापला, भाजी चिरायच्या सुरीने. ती त्यांनी कमरेला का बांधली होती हे विचारलं नाही. सपना वर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा होता आणि ती हातपाय मारत नव्हती.
११.४७ नंबर १ बुडाली. खोली चौदा मीटर.
चाचा काठावरून छातीभर पाण्यात चालत आले होते. त्यांना पोहता येत नाही.
सपना दवाखान्यात. फुप्फुसात पाणी. डॉक्टर म्हणतात निभावेल. दोन दिवस ऑक्सिजन.
नानांची नाव काठावर ओढली तेव्हा स्टिकर भिजून सुटला. त्याखाली झाकण. उरलेल्या आठही पाहिल्या. सगळ्यांना झाकणं, आतून बोल्टाला मसाला. काम सफाईचं. चाचांना एका नावेला अर्धा दिवसही लागला नसावा.
तांत्रिकदृष्ट्या नऊ नावा अपात्र. एकच नाव नियमाप्रमाणे होती.
हे मी नवलभाऊंना सांगितलं.  त्यांनी माझ्या हातातला अपात्र नावांच्या यादीचा कागद घेतला, घडी केली आणि माझ्याच पर्समध्ये ठेवला.

शनिवार, २० डिसेंबर
सपना घरी. बोलताना खोकते, त्यामुळे कमी बोलते. माझ्याशी तेही नाही. खोकल्याचं कारण फुप्फुसं. न बोलण्याचंही तेच असावं.

रविवार, २८ डिसेंबर
धुळ्याला संघाची सभा झाली. मला नोटीस आली नाही. नियम २ प्रमाणे सभासद म्हणजे प्रमाणित नावेचा मालक, आणि माझ्याकडे नाव नाही. नोटीस न पाठवणं बरोबरच.
नियम ७ एकमताने बदलला. सपनाला बोलावलं होतं, चाचा तिला घेऊन गेले. तिने तिथे काय सांगितलं ते मी विचारलं नाही.
रात्रीच्या जेवणाआधी नानांचा फोन. नव्या झाकणांसाठी आणि बोल्ट हलवण्यासाठी ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती हवी, म्हणाले, तुन्ही ड्रॉइंग शे, तूच कर बाई. आवाज रागाचा नव्हता. राग असता तर उत्तर देता आलं असतं.
ड्रॉइंग टेबलावर पसरलं. झाकणं आखली. बोल्ट नव्वद मिलिमीटर वर घेतले, टाकीच्या बाहेर. आधीही जागा होती. खाली दुरुस्तीच्या चौकटीत क्रमांक लिहिला, तारीख लिहिली. पुढचा रकाना: बदलाचं कारण.
मी ‘दमट हवा’ लिहिलं आणि खोडलं. ‘वापरातील त्रुटी’ लिहिलं आणि खोडलं. कागद तिथे पातळ झाला.
सपना मागे येऊन उभी होती. पंधरा दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मी लिहू का.
मी पेन्सिल दिली. तिने माझं नाव लिहिलं.
रकान्यात बरोबर मावलं.