निवडुंगाची पिल्लं

सेलू,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास,

तुला, अमृतरावांना नि छोट्या सोनूला भरभरून आशीर्वाद. इकडं आमचं ठीक म्हणावं असं चाललंय. थंडी ओसरली, दुपारी गच्ची तापायला लागली. फोनवर माझा आवाज मध्येच बसतो, म्हणून लिहायला घेतलं.

तुझ्या आईचे काही निवडुंग यंदा बुडातून सडले. आंघोळ झाली की ती तुळशीबरोबर त्यांनाही तांब्याभर पाणी घालते. घातलंय हे विसरून पुन्हा घालते. मी वरचे निरोगी शेंडे कापून सावलीत ठेवलेत; काप सुकला की दुधना नदीच्या वाळूत उभे करीन. हे तिनंच शिकवलेलं. आमच्या शाळेतल्या कवितांत प्राजक्त होता, बकुळ होती, निवडुंग कुठंच नव्हता. लग्नानंतर मी त्याच्यावर चार ओळी रचून ऐकवल्या, तर म्हणाली, "कविता ऱ्हाऊ द्या, कुंडी धरा."

अजून संध्याकाळी मी त्या जुन्या कविता चालीवर म्हणतो. ओळीचा शेवटचा शब्द ती बरोबर पुरवते. त्या वेळी वाटतं, सगळं जिथल्या तिथं आहे, नुसतं दार लोटलंय.

"आईला माझी ओळख पटली की कळवा बाबा, मी लगेच निघते," असं तू म्हणाली होतीस. दिवाळीत तिनं तुझ्यादेखत शेजारच्या सरजाबाईंना विचारलं, "ही कोणाची लेक हो? एवढी कामून रडायली?" आणि तू भाऊबीजेआधीच गाडीत बसलीस. तुला बोल लावत नाही. तेव्हापासून मी दर फोनला 'सुधारणा आहे' म्हणत आलो. सुधारणा नाही, बाळा. होणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती निकीची वाट बघते, पण दप्तर घेऊन शाळेतून येणाऱ्या निकीची.

तेव्हा ओळखीसाठी थांबू नकोस. ये, आणि निवडुंगाचं पिल्लू मागायला आले म्हण. मागणाऱ्याला तिनं कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही, ते अजून सुटलेलं नाही. बुडाशी फुटलेलं पिल्लू पेपरच्या घडीत धरून हलकेच पिळून काढते, गुंडाळून देते, मग कपभर च्या घेतल्याशिवाय उठू देत नाही. तेवढा वेळ तुला तिच्याजवळ बसता येईल. काटा लागला का बघायला ती तुझा हात हातात घेईल.

हे मला कसं ठाऊक, ते लिहायचं नव्हतं. परवा मी गच्चीवर गेलो, तर तिनं पदर सावरला.

"या, बसा. कुठल्या गावचे म्हणायचे तुमी?"

"मानवतचा," मी म्हणालो. खोटं नाही, जन्म तिथलाच माझा.

"लय लांबून आलाव. घिऊन जा एक पिल्लू. पाणी लगीच घालू नका, सडंल."

मी दोन्ही हातांनी घेतलं आणि जिना उतरून दारापर्यंत आलो. तिथून पुढं कुठं जायचं, ते कळेना.

लवकर ये.

तुझा, अजून याच घरात राहणारा,
बाबा