अ‍ॅव्हरेज पडलं तेव्हा

मिल्टन कीन्स, २१ जानेवारी

तीर्थरूप अण्णांना,
अनुयाचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. आईचे डिंकाचे लाडू पोचले. थंडीने इतके कडक झालेत की दात सांभाळून खाते. तुमचा गुडघा कसा आहे?

फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून लिहितेय. आमच्या डेपोत ब्रायन नावाचे वयस्कर ड्रायव्हर आहेत. या महिन्यात त्यांच्या ट्रकचं अ‍ॅव्हरेज एकदम पडलं. मी मॅनेजर ना! सगळ्यांसमोर विचारलं, "डिझेल जातं कुठे?"

ते एवढंच म्हणाले, "उद्या माझ्या शेजारी बसून बघ."

मी बसले. काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत इंजिन जागेवरच चालू. निघाल्यावर ते तापेतोवर पुढचा थांबा यायचा, आणि माल उतरवेपर्यंत पुन्हा गारठायचं. थंडीने टायरमधली हवाही कमी झालेली. डिझेल ही थंडीच पीत होती.

मग त्यांना केबिनमध्ये बोलावून हळूच सॉरी म्हटलं. आरोप चारचौघांत आणि माफी दाराआड!

अण्णा, तुमच्या ट्रकचं अ‍ॅव्हरेज पडलं तेव्हा तुम्ही डिझेल चोरून विकलंत का हे बघायला शेठने सगळ्या ड्रायव्हरांसमोर तुमच्या हातांचा वास घेतला होता. मी तुमचा डबा घेऊन तिथेच उभी होते. तेव्हापासून मी त्या माणसाला शिव्या देत आलेय. आता कोणत्या तोंडाने देऊ?

सोमवारी सगळ्यांसमोर माफी मागणार आहे. या वेळी आशीर्वाद मागत नाही. फोन कराल तेव्हा आधी रागवा.

तुमची,
अनुया