डोळ्यांतला ठिपका

मास्तर, तुम्ही माझ्यासमोर इझेलवर आहात. कोट झाला, टोपी झाली, कपाळावरची ती रागाची शीरसुद्धा झाली. फक्त डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिलेला नाही. उद्या तुमच्या चित्रशाळेची माणसं सांगलीहून गाडी घेऊन साताऱ्याला येतील आणि तुम्हाला असंच, विझलेल्या डोळ्यांनिशी, घेऊन जातील. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत होता तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटलेली होती, त्यामुळं आता दुसरी सोय उरलेली नाही.

चित्रशाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तुमचा खरा कारखाना होता, आठवतं ना? पुढं पोरं घडे आणि केळी काढत बसायची, मागं मी गेलेल्या माणसांची तैलचित्रं करायची. लोक ओळखपत्रावरचा, लग्नाच्या घोळक्यातला, कसला तरी पुसट फोटो घेऊन यायचे. कॅनव्हासला सरस लावण्यापासून लुगड्याच्या काठापर्यंत सगळं माझ्या हातचं. चित्र पुरं झालं की तुम्ही घरच्यांना बोलावून घ्यायचा, मला पडद्यामागं पाठवायचा, हात धुऊन यायचा आणि सगळ्यांसमोर दोन्ही डोळ्यांत पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके द्यायचा. ‘डोळे उघडले,’ म्हणायचा, आणि खाली सही ठोकायचा. दहिवडीकडचा एक म्हातारा बायकोचं चित्र न्यायला आला होता. तुम्ही ठिपका दिलात आणि तो मागं सरकला. ‘आवं, बघाय लागली की माझ्याकडं!’ म्हणून तुमच्या पायावर पडला. तिच्या गालावरचा देवीचा व्रण जमावा म्हणून मी किती दिवस झटले होते, हे मी पडद्यामागं स्वतःलाच सांगत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी तेव्हा प्रत्यक्ष बघत होते, पण त्या वयात नागोबाला आपण हात जोडतो.

आणि तुमचा तो फ्रेंच चित्रकार! तरुणपणी तुम्ही वर्षभर पॅरिसला राहून आलेला, म्हणून सगळी सांगली तुम्हाला पॅरिसचे मास्तर म्हणायची. मी रंग घोटत असले की तुम्ही त्याचं चरित्र लावायचा, हरदास कथा लावतो तसं. टोप्या शिवणाऱ्याचा पोरगा, उपाशीपोटी शहरात आला, खानावळवाल्यांची तोंडं रंगवून जेवला. मग न्यायाधीश, मग त्यांच्या बायका, मग दरबार. दिवसा मोठ्या माणसांची चित्रं आणि स्वतःच्या समाधानासाठी घरातली साधी माणसं: इस्त्री करणारी मोलकरीण, अक्षरं गिरवणारी मुलगी, मासे साफ करणारी म्हातारी. पुढं लोकांची आवड पालटली, दारात कुणी फिरकेना, आणि तो एका अर्ध्या चित्रासमोर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. नावं गाळायला मी तुमच्याकडूनच शिकले. कथेच्या शेवटी तुम्ही ठरल्याप्रमाणं त्याच्या शिष्येवर यायचा. ‘त्याच्या घरी एक पोरगी हुती,’ म्हणायचा. ‘जन्मभर रंग घोटले तिनं. कवा नाव मागितलं न्हाई. असं असावं शिष्यानं.’ मी मान हलवायची आणि आणखी जोरात घोटायची.

त्या चित्रकाराचं ऐकून ऐकूनच मी आईला काढलं. आई हळदीच्या वखारीत निवडायला जायची. संध्याकाळी आली की तिचे हात कोपरापर्यंत पिवळे, भाकरी थापली की भाकरीवरसुद्धा पिवळी बोटं उठायची. मी तिला वखारीच्या दारात बसवलं, मांडीवर सूप, पाठीमागं पोत्यांची थप्पी, उजेड डावीकडून. हे गिऱ्हाइकाचं काम नव्हतं, माझं होतं. म्हणून त्या दिवशी मी पडद्यामागं गेले नाही आणि डोळ्यांतला ठिपका पहिल्यांदा माझ्या हातानं दिला. आई माझ्याकडं बघायला लागली, मास्तर. ‘जेवलीस का’ विचारताना बघायची तशीच.

तेवढ्यात तुम्ही आलात. मी ब्रश पाठीमागं लपवला. तुम्ही बराच वेळ चित्रासमोर उभे राहिलात, आणि मला वेडीला वाटलं की आता पाठीवर थाप पडणार. तुम्ही माझा हात पुढं ओढून बोटांच्या पेरांवर ब्रशचा दांडा मारलात. ‘डोळं उघडायचा अधिकार कुणी दिला गं तुला?’ म्हणालात. मग आईच्या डोळ्यांतला ओला ठिपका अंगठ्यानं पुसलात आणि माझ्याच ब्रशनं पुन्हा ठिपका दिलात. त्याच जागी! केसभर इकडं नाही की तिकडं नाही. खाली सही केलीत आणि चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवलंत. त्याला पदक मिळालं. तुमचा सत्कार झाला तेव्हा मी आईला चांगलं लुगडं नेसवून घेऊन आले. ती स्वतःच्या चित्रासमोर उभी राहिली, तोंडावर पदर धरून हसली, आणि वाकून तुमच्या पाया पडली. ‘मास्तर, लय झ्याक काढलंयसा मला,’ म्हणाली. तुम्ही माझ्याकडं न बघता तिला आशीर्वाद दिलात. मी घरी तिला खरं सांगितलं तर म्हणाली, ‘गप गं. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलंल?’ ती गेली तीही हेच मनात धरून. पदकाचं मी तुम्हाला एखादवेळेस सोडलं असतं. हे सोडणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्यानं मला पॅरिसला नेलं. तो तिथं नोकरीला आहे. मी हट्टानं तिथल्या संग्रहालयातली तुमच्या त्या फ्रेंच माणसाच्या चित्रांची खोली शोधायला लावली. सगळी मंडळी भेटली, इस्त्रीवाली, अक्षरं गिरवणारी, मासेवाली. बघताना डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. मग त्याच भिंतीवर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक चित्र दिसलं: कांदे सोलणारी बाई, तिचे लालसर हात, डोळे चुरचुरलेले. काढणाऱ्याचा हात वेगळा होता, मला लगेच कळलं. पुतण्याला म्हटलं, खालची पाटी वाच. त्यानं एका बाईचं नाव वाचलं आणि पुढं वाचलं की ही त्यांची शिष्या, तिनं पुढं स्वतःच्या नावावर जन्मभर चित्रं केली, मानानं जगली. मी तिथल्या बाकावर बसले. पुतण्या घाबरला, ‘काकी, काय होतंय?’ म्हणाला. काय सांगणार? त्या खोलीत तुम्ही रोज जाऊन उभे राहत होता, हे तुम्हीच मला हजारदा सांगितलेलं. ती पाटी तुमच्या डोळ्यांसमोर होती. तुम्ही तिला तिथंच ठेवून आलात आणि माझ्यासाठी रंग घोटणारी एक मुकी पोरगी घेऊन आलात.

म्हणून तुम्ही गेल्यावर चित्रशाळेचे दोन सभासद तुमचं चित्र करून मागायला दारात आले तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि ऐकून घेतलं. ‘आवं बाई, मास्तरांचा चेहरा तुमच्याशिवाय कुणाला ठावं?’ म्हणाले. मी म्हटलं, करते, पण आईच्या, त्या हळदवालीच्या चित्राखाली माझं नाव लावा. थोरला म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या की आता. मेलेल्या माणसावर कशाला आळ?’ मी आणखी एकदाच विचारलं, तुमचं चित्र कुठं लावणार? तर म्हणाले, हॉलमध्ये, बरोब्बर हळदवालीच्या समोर. तेव्हा मी हो म्हटलं. मास्तर, आई तिथं बघते आहे, तुम्ही बघायचं नाही. लोक हार घालतील, उदबत्ती लावतील, छान जमलंय म्हणतील. एखादं पोरगं जवळ जाऊन विचारेल, मास्तरांचे डोळे असे का? आणि खाली सही माझी असेल, ठसठशीत, कुठूनही वाचता येईल अशी.

हे तुम्हाला कुठं पाठवणार? पाठवायचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळलेली मला चालणार नाही. आज सकाळी मी ठिपका दिला होता. हात आपोआप गेला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि या वयात, माझ्याच घरात, मी ब्रश पाठीमागं लपवला. मग ठिपका अंगठ्यानं पुसला. अंगठा अजून धुतलेला नाही.