चुन्याची डबी आणि अकरावी सायन्स

ता. कर्जत,
शुक्रवार, कॉलेजातून आल्या आल्या

तीर्थस्वरूप रविराजमामांस,

तुमच्या एकुलत्या एका भाचीचा, म्हणजे संस्कृतीचा, साष्टांग नमस्कार. (पाठीवर दप्तर असल्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढं वाकून केला आहे. त्यातलं निम्मं वजन केमिस्ट्रीचं आहे.)

पत्राला कारण आहेच, पण आधी रीतीप्रमाणे खुशाली. मामींची मान आता कशी आहे? पट्टा लावतात का, की नुसता खुंटीला अडकवलाय? ओमचा पुढचा दात आला का? नागापूरला नळाला पाणी एक दिवसाआड येतं की अजून दोन दिवसांआड? तुमची कंपनीतली पाळी बदलली का? इकडे आई मजेत आहे, आण्णा मजेत आहेत, गाभण गायसुद्धा मजेत आहे. मी सोडून घरातले सगळे मजेत आहेत, आणि माझं काय बिनसलंय ते सांगण्यासाठीच हा कागद खर्ची घातला आहे.

आता तुम्ही म्हणाल, या काळात पत्र कोण लिहितं, फोन करायचा की. मामा, माझा मोबाईल जूनपासून लोखंडी पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली आण्णांच्या करगोट्याला आहे. 'सायन्सला गेलेल्या पोरांनी मोबाईलला शिवायचं नसतं' असं त्यांना दूध घालायला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं. (ज्यानं सांगितलं त्याचा मुलगा आर्ट्सला आहे आणि दिवसभर मोबाईलवर असतो.) आईच्या फोनवरून बोलायचं तर आई शेजारी उभी राहून ऐकते आणि मधेच तुम्हाला मेथीची भाजी कशी केली ते सांगायला लागते. म्हणून हे पत्र कल्याणदादाच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवते आहे. तो रोज सकाळी आण्णांच्या दूध संकलन केंद्रावरचं दूध घेऊन नगरला जातोच. कागदाला दुधाचा वास आला तर समजून घ्या, आणि कोपरा भिजलेला असला तर ते मात्र दूध नाही.

मामा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात. दहावीला एक्याण्णव टक्के पडले तेव्हा मी आपली गप्प होते. मला काय घ्यायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही ते ठाऊक नव्हतं. तुम्ही पेढे घेऊन आलात, ओसरीवर बसलात आणि चहाचा घोट घेत म्हणालात, 'सायन्सच घे. केमिस्ट्री तर लई सोपी असते, नुसती सवयीची गोष्ट.' घरात केमिस्ट्री झालेला माणूस एकटे तुम्हीच. बी.एस्सी., कंपनीच्या लॅबमध्ये पांढरा कोट. त्यामुळे तुमचा शब्द म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. आण्णांनी त्याच आठवड्यात चौकात माझा फ्लेक्स लावला, 'भावी डॉक्टर' असं लिहून. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळे मी डॉक्टरपेक्षा पेशंटच जास्त दिसते. शिवाय खाली शुभेच्छुक म्हणून ज्यांची नावं आहेत त्यांतले दोघे अजून मला भेटले की पोटात दुखतंय म्हणून सांगतात. हा विनोद त्यांना रोज नवा वाटतो.

तर केमिस्ट्री. दहावीपर्यंत आपली विज्ञानाची एकच जात होती. त्यात थोडा बेडूक, थोडा आरसा, थोडं मीठ, सगळं मराठीत आणि चित्रांसकट. अकरावीत पहिल्याच दिवशी सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत बोलायला लागले ते पाऊण तासानं आमच्याकडे वळले. शिकवतात ते सगळं इंग्रजीत, रागावतात मात्र स्वच्छ मराठीत, त्यामुळे मला विषयापैकी तेवढंच समजतं. मी ज्याला संयुजा म्हणत होते तिचं नाव बदललं, क्षाराचं नाव बदललं, एखाद्याच्या लग्नात सगळे पाहुणे परकेच भेटावेत तसं झालं. सोमवारी सर नियम शिकवतात, तो मी बुधवारपर्यंत पाठ करते, आणि गुरुवारी ते सांगतात की क्रोमियम आणि कॉपर हा नियम पाळत नाहीत. का पाळत नाहीत विचारलं तर म्हणाले, त्यांना तसं बरं पडतं. मामा, मला जे बरं पडतं ते कुणी चालवून घेत नाही, आणि कॉपरला एवढी मोकळीक?

त्यातून मोल. एका मोलमध्ये किती कण असतात, तर सहा आणि त्याच्यापुढे आणखी तेवीस आकडे. मी आण्णांना हे सांगितलं. ते दुधाचं कॅन धूत होते. त्यांनी हात थांबवून एवढंच विचारलं, 'मोजलं कुणी?' मी तोच प्रश्न कॉलेजात नेला. निकिताला विचारलं (ती माझ्या बाकावर बसते आणि न समजता सगळं पाठ करते, देवानं तिला तेवढी शांती दिलीय), तर ती म्हणाली, परीक्षेत ते विचारत नाहीत.

परीक्षेत काय विचारलं ते आता ऐका. घटक चाचणी, पंचवीस मार्कांची. ५.४ ग्रॅम पाण्यात रेणू किती? मी अठरानं भागलं, ०.३ आलं, खाली दोन रेघा मारल्या आणि लिहिलं, ०.३ रेणू. पुढं त्या तेवीस आकड्यांनी गुणायचं असतं हे मला घरी येताना, एस. टी. मिरजगावच्या फाट्यावर थांबली तेव्हा आठवलं. सरांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, 'एवढ्या पाण्यात हिला अख्खा एक रेणूसुद्धा सापडेना. उरलेला कुणी पिला?' सगळा वर्ग हसला, निकितासुद्धा. पंचवीसपैकी सहा. पेपरावर पालकांची सही आणायची होती. आण्णांनी सहा हा आकडा बराच वेळ पाहिला, मग पेपर उलटा करून मागं काही उरलंय का ते पाहिलं आणि सही केली. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, कारण मग मलाही ओरडता आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसातून शाखा बदलण्याचा अर्ज आणला. सायन्समधून आर्ट्स. भरला, खाली विद्यार्थ्याची सही केली, पालकांच्या सहीची जागा रिकामी ठेवली आणि दप्तरात घातला. माझा बेत असा होता की आणखी एकदा सपाटून आपटायचं, म्हणजे सरच आण्णांना बोलावून सांगतील की हिला झेपत नाही, इथून घेऊन जा. मला तोंड उघडावं लागणार नाही.

आणि तसंच झालं, पण उलटं झालं.

प्रॅक्टिकल होतं. प्रत्येकाला एका पुडीत पांढरं मीठ देतात (खायचं नव्हे, केमिस्ट्रीत कशालाही मीठ म्हणतात) आणि ते कोणतं आहे ते ओळखायचं. त्याची रीत अशी की आधी रंग लिहा, मग वास लिहा, मग नळीत तापवा, मग हे टाका, मग ते टाका, मग दीड पानानंतर उत्तर. माझा बर्नर पेटेना. निकिताचं अर्धं पान झालं. मला घाम फुटला. पुडीतल्या खड्यांकडं बघता बघता मला ते ओळखीचे वाटायला लागले. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे कांद्याला अमोनियम सल्फेट टाकतात. खोलीत ओल आली की युरियाच्या आणि त्याच्या फुटक्या गोण्यांतले गोळे एकमेकांत मिसळतात आणि कोणता कशाचा ते कळत नाही. मग आण्णा काय करतात? चिमूटभर तळहातावर घ्यायचं, पाण्याचा थेंब टाकायचा, गार लागतं का बघायचं. गार दोन्ही लागतात. मग त्यात बोटभर चुना घालून अंगठ्यानं मळायचं. डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटला तर सल्फेट, नाही सुटला तर युरिया. हे मी पाचवीत असल्यापासून करते आहे.

आता चुना कुठून आला? माझं दप्तर आण्णा रविवारी बाजाराला नेतात, कारण माझं दप्तर मजबूत आहे. त्यांची चुन्याची डबी बाजूच्या कप्प्यात राहिली होती. मी हळूच काढली, बाकाखाली हात धरला आणि मळायला लागले. जरा जोरातच मळलं असणार, कारण मान वर केली तर समोर सर.

मामा, तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय समजला असता? अकरावीची पोरगी, लॅबमध्ये, डाव्या हातावर काहीतरी, उजव्या हाताचा अंगठा फिरतोय आणि शेजारी चुन्याची डबी उघडी. सरांना शब्दच सुचेना. इंग्रजी तर नाहीच, मराठीही नाही. मग म्हणाले, 'तंबाखू? कॉलेजात? मुलगी असून?' मी 'नाही सर, अमोनियम आहे' म्हणाले, त्यानं प्रकरण सुधारलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, कारण मी खरंच हात पुढं केला होता. हात धुवायला लावला आणि आण्णांना फोन गेला.

आण्णा केंद्र बंद करून मोटरसायकलवर आले, बाह्या दुधानं भिजलेल्या. सरांनी सगळं सांगितलं. आण्णांनी मला एकच विचारलं, 'वास सुटला का?' मी सुटला म्हणाले. मग ते सरांना म्हणाले, 'तंबाखू न्हाई साहेब. खत वळखत हुती. मीच शिकवलंय तिला.' आणि सरांच्या टेबलावर, सरांच्याच पुडीतली चिमूट घेऊन, आपल्या तळहातावर करून दाखवलं आणि हात सरांच्या नाकाखाली धरला. सर खुर्चीसकट मागं सरकले. डोळे पुसले. मग आण्णांच्या हाताकडं बघत म्हणाले, पुस्तकातली शेवटची खात्री करायची परीक्षा हीच आहे, फक्त नळीत करतात आणि तळहातावर करत नाहीत. त्यानंतर आम्हा दोघांना दहा मिनिटं झापलं, की दुसरं एखादं मीठ असतं तर हात पोळला असता, लॅबमध्ये कशालाही बोट लावायचं नाही. ते बरोबरच होतं. मला दहापैकी तीन दिले. उत्तराचे. रीत लिहिली नव्हती म्हणून बाकीचे गेले.

मी वाट बघत होते की आता तरी सर म्हणतील, हिला आर्ट्सला घाला. तर ते आण्णांना म्हणाले, हिला अंदाज चांगला आहे. झालं. आण्णांनी तेव्हापासून केंद्रावर दुधाचं फॅट कमी आणि केमिस्ट्री जास्त सांगायला सुरुवात केली. 'आपल्या घरात पयल्यापासूनच हाय ती' असं ते म्हणतात. संध्याकाळी धारा काढताना मला शेजारी बसवतात आणि विचारतात, आज काय झालं. या सोमवारी विचारलं, 'पर चुन्यानं वास का सुटतो? युरियाला का न्हाई?' आण्णा नववीपर्यंत शिकलेत मामा. तीस वर्षं मळतायत, आणि तीस वर्षं त्यांना हे विचारायचं होतं, पण विचारणार कुणाला. मी पुस्तक आणलं, शोधलं, सापडलं. समीकरण लिहिलं आणि दोन्ही बाजू जुळवल्या. पहिल्या फटक्यात जुळल्या. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. मी त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांना समजलं. मला खूप आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. कारण हे एक समीकरण झालं, आणि पुस्तकात सोळा धडे आहेत. उद्या मी पुन्हा सहावर आले तर धार काढताना त्यांच्याशेजारी बसायचं कोणत्या तोंडानं? हल्ली सकाळी एस. टी. दिसली की माझ्या पोटात कालवतं. त्या दोघा शुभेच्छुकांना खरंच पोटदुखी लागावी, म्हणजे त्यांना कळेल.

असो. मामींना नमस्कार, ओमला पापा. बाकी सर्व ठीक.

आपली आज्ञाधारक (तुमची आज्ञा पाळली म्हणूनच ही वेळ आली),
संस्कृती

ता. क. : शाखा बदलण्याची शेवटची तारीख सोमवार आहे. रविवारी काहीही करून या आणि आण्णांना समजावून सांगा की सगळ्यांनाच सायन्स जमत नसतं. तुमचं ते ऐकतील. अर्जावर त्यांची सही लागते आणि ती मागायची माझी हिंमत नाही.

ता. क. दुसरा : वरचं खोटं आहे. सही मंगळवारीच झाली. अर्ज दप्तरातून पडला आणि आण्णांना सापडला. त्यांनी तो पूर्ण वाचला, मला हाक मारून विचारलं, 'सई हितंच करायची ना?' आणि केली. म्हणाले, 'दे न्हाईतर देऊ नको. तुझं तू बघ. चुन्याचं तेवढं कळालं मला, लई झालं.' आणि गोठ्यात गेले. अर्ज चार दिवस माझ्याकडे आहे, रोज ऑफिसच्या खिडकीपर्यंत नेते आणि परत आणते. म्हणजे आण्णांना समजवायला तुम्ही यायची गरज नाही.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा : आज भाकरी थापताना आई बोलून गेली, की तुम्हाला अकरावीला केमिस्ट्रीत शंभरात नऊ पडले होते आणि तुम्ही दोन दिवस कडब्याच्या गंजीमागं लपून बसला होतात. मग जीभ चावली आणि म्हणाली, त्याला सांगू नको. मामा, हे खरं असेल तर रविवारी पहिल्या एस. टी.नं या आणि त्या नवानंतर काय केलंत ते मला सांगा. खोटं असेल तर येऊ नका. पास झालेल्यांचं ऐकून ऐकून मी दमले आहे.